खेळाडूचा उत्तरार्ध

कयाधू नदीच्या काठचे हिंगोली हे गाव हळदीच्या बाजारपेठेसाठी आणि दसऱ्याच्या उत्सवासाठी मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. निजामाच्या अमदानीत येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पुढे परभणी जिल्ह्यातील एक तालुका एवढीच त्याची ओळख राहिली, आणि १ मे १९९९ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. या गावी, किंवा वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा यांपैकी कोणत्याही गावी, सायंकाळी एखाद्या शाळेच्या पटांगणावरून जावे, तर कोठे कबड्डीचा दम घुमत असतो, कोठे खो-खोचा डाव ऐन रंगात आलेला असतो. इतक्यात शेजारच्या घराच्या ओट्यावरून हाक येते, ‘पुरे झाला खेळ! खेळून कोणाचे पोट भरले आहे?’

ही हाक ऐकून हसणे सोपे आहे. परंतु तो प्रश्न मूर्खपणाचा नाही. ज्या घरात एकच मिळवता आहे आणि ज्याचा मुलगा दहावीच्या वर्गात आहे, त्या घराने हा प्रश्न विचारू नये तर कोणी विचारावा? दुर्दैव एवढेच की, त्याचे उत्तर देताना बहुधा दोन टोके गाठली जातात. कोणी म्हणतो, खेळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग, तो अभ्यासाचा वैरी. दुसरा कोणी वर्तमानपत्रातील एखाद्या क्रिकेटपटूच्या कोट्यवधींच्या कराराकडे बोट दाखवितो आणि मुलाची पुस्तके बांधून ठेवावयास निघतो. या दोन टोकांच्या मध्ये हजारो खेळाडूंची आयुष्ये गेली आहेत, त्यांच्याकडे पाहण्यास मात्र कोणास सवड नसते.

खेळाडूची कारकीर्द पंचविशी-तिशीत, फार तर पस्तिशीत आटोपते. आयुष्य त्यापुढे चाळीस-पन्नास वर्षे चालूच राहते. सामन्यास जसा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असतो, तसाच तो खेळाडूच्या आयुष्यासही असतो. टाळ्या वाजतात त्या पूर्वार्धात. उत्तरार्ध प्रेक्षकांवाचून खेळावा लागतो. तो कोणी कसा खेळला, हे पाहिल्याखेरीज ओट्यावरील प्रश्नाचे खरे उत्तर मिळावयाचे नाही. या कामी बास्केटबॉलचा खेळ विशेष उपयोगी पडतो. कारण या एकाच खेळात कवडीही न मिळविणारे खेळाडू होऊन गेले आहेत, नोकरी करून खेळणारे आहेत आणि गडगंज संपत्ती मिळविणारेही आहेत.

प्रथम या खेळाचा जनकच घ्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथे वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या शिक्षणवर्गात जेम्स नेस्मिथ नावाचे एक तरुण कॅनेडियन शिक्षक होते. १८९१ सालच्या हिवाळ्यात मैदाने बर्फाने झाकली गेली, आणि कवायतीस विटलेले अठरा विद्यार्थी शिक्षकांस भंडावून सोडू लागले. घरातल्या घरात खेळता येईल आणि ज्यात हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ पंधरवड्याच्या आत शोधून काढावा, असे वरिष्ठांनी नेस्मिथ यांस फर्माविले. त्यांनी तेरा नियम लिहून काढले. शाळेच्या शिपायाकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या तेवढ्या मिळाल्या. व्यायामशाळेच्या सज्जाचा कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, त्यास त्या टोपल्या ठोकल्या. आज १३३ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी लोखंडी कडे दहा फुटांवरच आहे.

२१ डिसेंबर १८९१ रोजी पहिला सामना झाला. प्रत्येक बाजूस नऊ गडी होते. चेंडू फुटबॉलचा होता. आणि संपूर्ण सामन्यात चेंडू टोपलीत पडला तो एकदाच. त्या अठरा विद्यार्थ्यांत गेंझाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी तरुणही होता. म्हणजे या खेळाच्या पहिल्याच दिवशी आशियाखंडाचा एक सुपुत्र मैदानावर उभा होता, ही गोष्ट पुढील हकीकतीसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नेस्मिथ यांनी या शोधाचे काय केले? त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे वैद्यकाचा अभ्यास करून ते डॉक्टर झाले, आणि १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठात त्यांनी आपली हयात शिक्षक म्हणून घालविली. तेथील बास्केटबॉल संघाचे ते पहिले मार्गदर्शक. गंमत अशी की, त्यांच्या कारकीर्दीत त्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाच्या जनकालाच आपल्या खेळात अपयशाचे पारडे जड राहिले! परंतु त्यांस त्याचे वैषम्य वाटलेले दिसत नाही. मुलांची शरीरे आणि स्वभाव घडावेत, हाच त्यांचा हेतू होता. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा या वृद्ध गृहस्थांस तेथवर जाता यावे म्हणून अमेरिकेतील बास्केटबॉल मार्गदर्शकांनी वर्गणी गोळा केली. १९३९ साली ते वारले. त्यानंतर ७१ वर्षांनी, २०१० साली, त्यांच्या तेरा नियमांचे मूळ कागद लिलावात निघाले आणि ४३ लक्ष डॉलरांस विकले गेले. ज्यास प्रवासखर्चासाठी वर्गणीची गरज पडली, त्याच्या हातच्या दोन कागदांची ही किंमत!

वाय. एम. सी. ए.चे शिक्षक ज्या ज्या देशी गेले, तेथे तेथे हा खेळ त्यांच्याबरोबर गेला. हिंदुस्थानात स्प्रिंगफील्डचेच एक पदवीधर हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. त्या विद्यालयातून बाहेर पडलेले व्यायामशिक्षक देशभर पसरले, आणि त्यांच्याबरोबर खेळाचे नियम शाळाशाळांतून पोचले. १९३४ साली दिल्लीस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

आपल्या मुंबईत या खेळाचे माहेरघर म्हणजे नागपाडा. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, गिरणीत व गोदीत राबणारे लोक, असा हा भाग. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली तेथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ ही संस्था उघडली. वस्तीतील लोकांसाठी वाचनालय, दवाखाना, रात्रीचे वर्ग आणि मुलांसाठी खेळ, असा तिचा व्याप होता. याच वास्तूत १९३६ साली समाजसेवेचे शिक्षण देणारे सर दोराबजी टाटा विद्यालय सुरू झाले, तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान होय. क्रिकेटला विस्तीर्ण मैदान हवे. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद एवढी जागा पुरते. घरात पाय पसरावयास जागा नाही अशा वस्तीला हा खेळ मानवला, यात नवल नाही. येथील मुले पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळत आली आणि तीतून नामांकित खेळाडू निपजले.

मुंबईच्या बास्केटबॉलमधील सर्वांत मोठे नाव म्हणजे अब्बास मुंतसीर यांचे. १९६० ते १९७५ या कालखंडात भारतीय बास्केटबॉल आशियात मान वर करून वावरत होता. फौजेच्या संघातून नावारूपास आलेले खुशीराम यांस १९६७ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंतसीर यांस तो १९७० साली मिळाला. भारतीय संघाचे कर्णधारपदही त्यांनी भूषविले. १९७५ साली बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत भारताचा पुरुष संघ चौथा आला. त्याहून वरचे स्थान या स्पर्धेत भारतास आजवर लाभलेले नाही.

आता ओट्यावरचा प्रश्न या पिढीस विचारून पाहावा. यांचे पोट कशावर भरले? खेळावर नव्हे, खेळामुळे मिळालेल्या नोकरीवर. त्या काळी ऑलिंपिक व आशियाई स्पर्धांत हौशी खेळाडूसच प्रवेश असे. खेळाचा पैसा घेणारा तो धंदेवाईक, आणि धंदेवाईकास दार बंद. म्हणून भारतात एक निराळीच तोड निघाली. रेल्वे, फौज, पोलीस, बँका आणि मोठे कारखाने यांनी आपापले संघ बांधले, आणि चांगल्या खेळाडूस नोकरीत घेतले. सकाळी सराव, दिवसा कचेरी किंवा कवायत, सायंकाळी पुन्हा सराव, आणि वर्षातून काही आठवडे स्पर्धेसाठी रजा, असा त्यांचा दिनक्रम. पगार खेळाचा नव्हे, हुद्द्याचा.

या व्यवस्थेत गुण होते तसे दोषही होते. गुण असा की, गुडघा दुखावला, वय झाले, संघातून नाव वगळले गेले, तरी महिन्याच्या पहिल्या तारखेस घरी पगार येई आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळे. दोष असा की, दिवसाचे आठ तास कचेरीस देणारा खेळाडू, सारा दिवस खेळासच वाहिलेल्या परदेशी खेळाडूपुढे उणा पडे. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकवर अनेक राष्ट्रांनी बहिष्कार घातला, तेव्हा भारताच्या पुरुष संघास तेथे खेळण्याची संधी मिळाली. बारा संघांत त्याचा क्रमांक बारावा लागला. नोकरीने खेळाडूचे घर सावरले, पण खेळ त्या मानाने वर चढला नाही, असा या पिढीचा हिशेब मांडावा लागतो.

मग ज्या देशी हा खेळ धंदा म्हणून खेळला जातो, तेथील खेळाडूचे काय होते? येथे एका अशा गृहस्थाची हकीकत सांगण्याजोगी आहे, ज्याची धंदेवाईक कारकीर्द केवळ तीन सामन्यांची होती.

त्याचे नाव वाटारू मिसाका. योगायोग असा की, त्याचा जन्मदिवसही २१ डिसेंबर हाच, वर्ष १९२३. अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑग्डेन नावाच्या गावी त्याचे जपानी मातापिता राहात. वडिलांचे केशकर्तनाचे दुकान होते आणि दुकानाखालच्या तळघरात कुटुंबाचे बिऱ्हाड होते. मुलगा पंधरा वर्षांचा असताना वडील वारले. मुलांना घेऊन जपानास परत जावे, असे आईच्या मनात आले. परंतु मुलाने जाण्यास नकार दिला. तेव्हा त्या माउलीने पतीचे दुकान आपल्या हाती घेतले आणि मुलास शिकविले. मुलाची उंची पाच फूट सात इंच. म्हणजे आपल्याकडील सामान्य तरुणाएवढी. बास्केटबॉलच्या मैदानावर अशा उंचीच्या माणसास ठेंगूच म्हणावे लागेल. परंतु त्याचे पाय चपळ होते आणि समोरच्या गड्यास जखडून ठेवण्याची त्याची हातोटी असामान्य होती.

१९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांवर संकट कोसळले. पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लक्ष वीस हजार स्त्रीपुरुषांस घरेदारे सोडून तारांच्या कुंपणाआडच्या छावण्यांत जावे लागले. यूटा प्रांत त्या पट्ट्याबाहेर असल्यामुळे मिसाका मोकळा राहिला. ज्या दिवसांत त्याच्या वंशाचे लोक कैदेत होते, त्याच दिवसांत तो यूटा विद्यापीठाच्या संघातून खेळत होता. १९४४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या संघाने डार्टमथ संघास जादा वेळेत ४२ विरुद्ध ४० असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले.

विजयाचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच लष्कराचे बोलावणे आले. युद्ध संपल्यावर त्यास अमेरिकन फौजेबरोबर जपानात पाठविण्यात आले. आणि काम नेमून दिले ते हिरोशिमात अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांच्या मुलाखती घेण्याचे. ज्या देशी परत जाण्यास त्याने नकार दिला होता, त्याच देशाच्या भाजून निघालेल्या नगरीत शत्रूच्या गणवेषात उभे राहण्याची पाळी त्याच्यावर आली. त्या तरुणाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी करावी.

परत आल्यावर १९४७ साली, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, यूटाच्या संघाने बलाढ्य केंटकी संघास ४९ विरुद्ध ४५ असे हरविले. केंटकीचा राल्फ बियर्ड हा त्या काळचा नामांकित खेळाडू. मिसाकाने त्यास असे जखडले की, साऱ्या सामन्यात त्यास एकच गुण मिळविता आला. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर्स संघाच्या चालकांनी हा तरुण हेरला आणि त्याच वर्षी त्यास धंदेवाईक खेळाडू म्हणून करारबद्ध केले. एक वर्षापूर्वी निघालेली ही धंदेवाईक संघटनाच १९४९ साली ‘एन. बी. ए.’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तीत त्या वेळेपावेतो केवळ गोरे खेळाडू खेळत. कृष्णवर्णीय खेळाडूंस प्रवेश मिळावयास १९५० साल उजाडावे लागले. ती भिंत प्रथम ओलांडणारा माणूस हा पाच फूट सात इंच उंचीचा न्हाव्याचा मुलगा होय.

आणि ती कारकीर्द? तीन सामने, सात गुण. तीन सामन्यांनंतर संघचालकांनी त्यास निरोप दिला. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या फिरत्या करमणूकप्रधान संघाचे त्यास बोलावणे आले होते. परंतु त्याने ते नाकारले. त्याने गावाकडची गाडी धरली, विद्यापीठात पुन्हा नाव घातले, यंत्र-अभियांत्रिकीची अपुरी राहिलेली पदवी पुरी केली आणि सॉल्ट लेक सिटी येथे अभियंता म्हणून नोकरी पत्करली. उरलेले आयुष्य त्याने तेथे व्यतीत केले. पुढे कित्येक दशके लोटली, तेव्हा जगास त्याची आठवण झाली. २००८ साली त्याच्या जीवनावर एक माहितीपट निघाला. २० नोव्हेंबर २०१९ रोजी, पंच्याण्णव वर्षांचे आयुष्य उपभोगून, वाटारू मिसाका वारले.

श्रोतेहो, या हकीकतीत वर्णभेदाचा अन्याय आहे, युद्धाची क्रूरता आहे; परंतु प्रस्तुत विषयास धरून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मिसाका जेव्हा संघातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या हाती एक अपुरी पदवी होती. आणि ती पुरी करण्याची त्याला लाज वाटली नाही. कालपर्यंत ज्याच्या नावाने हजारो लोक टाळ्या वाजवीत होते, तो आज वर्गातील बाकावर बसून गणिते सोडवू लागला. तीन सामन्यांत संपलेली कारकीर्द त्याने दुःख म्हणून उराशी बाळगली नाही. पंच्याण्णव वर्षांच्या आयुष्यात तिला तिच्या मापाची जागा दिली.

त्या काळाच्या तुलनेत आज धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये पैशाचा पूर आला आहे. १९८९ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने धंदेवाईक खेळाडूंवरील बंदी उठविली, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून अमेरिकेचे धंदेवाईक खेळाडूही तेथे उतरू लागले. तथापि एन. बी. ए.मधील खेळाडूची सरासरी कारकीर्द आजही चार-पाच वर्षांचीच भरते. पैसा वाढला, पण पूर्वार्धाची लांबी वाढली नाही.

या धंदेवाईक जगाचे दार भारतीयांनीही ठोठावून पाहिले आहे. केरळातील कोट्टायम जिल्ह्याच्या गीतू अॅना जोस या सहा फुटांहून उंच खेळाडू. चेन्नईस दक्षिण रेल्वेच्या नोकरीत असताना २००६ साली त्या ऑस्ट्रेलियास गेल्या आणि तेथील रिंगवूड हॉक्स संघातून खेळल्या. परदेशी क्लबातून असे खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. २०११ साली अमेरिकेतील स्त्रियांच्या धंदेवाईक संघटनेतील तीन संघांनी त्यांस चाचणीसाठी बोलाविले. निवड झाली नाही. परंतु त्यामुळे घर उघडे पडले नाही, कारण पाठीशी रेल्वेची नोकरी होती. २०१४ साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला.

पंजाबातील बल्लो के या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग भमरा याची गोष्ट याहून निराळी. सात फुटांहून अधिक उंचीचा हा मुलगा चौदाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेस गेला. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्स संघाने एन. बी. ए.च्या वार्षिक निवडीत ५२ व्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले. भारतात जन्मलेल्यांपैकी या निवडीत आलेला तो पहिलाच खेळाडू. देशभर त्याचे कौतुक झाले. परंतु त्या मुख्य स्पर्धेतील एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. पुढे तो अमेरिकेतच करमणुकीच्या कुस्तीच्या आखाड्यात उतरला. भारतात २०१५ ते २०१७ या काळात एक धंदेवाईक बास्केटबॉल स्पर्धा भरविण्यात आली; मुंबई व पुणे येथील नावांचे संघही तीत होते. ती पुढे चालली नाही. जो खेळाडू केवळ तिच्या भरवशावर राहिला असता, त्याने काय करावयाचे होते?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र, आणि नामदेवरायांची नरसी, ही दोन्ही ठिकाणे या संदर्भात सहज आठवतात. परंपरा अशी सांगते की, संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी कुंभाराचे थापटणे हाती घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले. ज्याच्याशी देव बोलतो असा ज्याचा लौकिक, त्याला भर सभेत हा निकाल ऐकावा लागला. नामदेव रागावले, रडलेही. परंतु पुढे ते औंढ्यास आले आणि विसोबा खेचरांचे शिष्य झाले. लौकिक झाल्यावर पुन्हा शिष्य होणे, ही गोष्ट ज्याला साधली तो पक्का झाला. संत आणि खेळाडू यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु ‘तू कच्चा आहेस’ हा निकाल प्रत्येक खेळाडूस केव्हा ना केव्हा ऐकावाच लागतो. न्यूयॉर्कमध्ये मिसाकाने तो ऐकला, अमेरिकेत गीतू जोस यांनी तो ऐकला. निकाल ऐकल्यावर माणूस कोठे जातो, यावर त्याचा उत्तरार्ध अवलंबून असतो.

तेव्हा ओट्यावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर काय? खेळून पोट भरते काय? प्रामाणिक उत्तर असे की, बास्केटबॉल खेळून आपल्या देशात फार थोड्यांचे भरले, आणि ज्यांचे भरले त्यांचेही बहुधा नोकरीच्या मार्गाने. महाराष्ट्र शासनाने आपल्या नोकऱ्यांत पाच टक्के जागा गुणवान खेळाडूंसाठी राखून ठेवल्या आहेत. रेल्वे, पोलीस व सैन्य यांचीही दारे खेळाडूस उघडी आहेत. परंतु या दारांवरही शिक्षणाची पात्रता विचारली जाते. हाती पदक आहे, पण पदवी नाही, अशा मुलास त्या दारातून आत गेल्यावर वरची पायरी चढणे कठीण जाते. म्हणून खेळणाऱ्या मुलाचे शिक्षण बंद करणे ही जशी चूक, तशीच शिकणाऱ्या मुलाचा खेळ बंद करणे हीही चूकच.

दुसरी गोष्ट शाळांविषयी. या खेळास लागते काय? अठ्ठावीस मीटर लांबीची सपाट जागा, दोन खांब, दोन लोखंडी कडी, एक चेंडू आणि नियम जाणणारा एक शिक्षक. पहिल्या चार वस्तू मिळविणे फारसे अवघड नाही. दुर्मिळ आहे ती पाचवी. नागपाड्याच्या वस्तीत खेळ रुजला तो पैशाने नव्हे, रोज सायंकाळी मैदानावर येऊन उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे. ज्यांचे खेळण्याचे दिवस सरले आहेत असे खेळाडू आपल्या गावी, आपल्या शाळेत, आठवड्यातून दोन दिवस जरी उभे राहिले, तरी त्यांचा उत्तरार्धही सार्थकी लागेल आणि दहा मुलांचा पूर्वार्धही सुरू होईल. नेस्मिथ यांनी दुसरे काय केले? ते हयातभर शिक्षकच राहिले.

तिसरी गोष्ट घरच्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी. मुलगा हरून आला, संघातून वगळला गेला, तर त्या दिवशी ‘सांगितले होते ना!’ हे शब्द ओठावर येऊ देऊ नयेत. ऑग्डेनच्या त्या विधवा मातेने पतीचे दुकान चालविले आणि मुलाला शिकविले. मुलगा न्यूयॉर्कहून निरोप घेऊन परतला तेव्हा त्याचा प्रांत, त्याचे घर, त्याची पाठशाळा ही जागच्या जागी होती. हरलेल्या खेळाडूस परत यावयाला जागा असणे, याहून मोठी शिष्यवृत्ती नाही.

२०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर हा जागतिक बास्केटबॉल दिन म्हणून ठरविला. त्या दिवशी मोठमोठ्या शहरांतून सामने होतील, भाषणे होतील. त्या सायंकाळी कयाधूकाठच्या एखाद्या पटांगणावर चार मुले दहा फुटांवरच्या कड्याकडे चेंडू फेकीत असतील, तर ओट्यावरून हाक अवश्य मारावी. मात्र ती अशी असावी: ‘अरे, खेळ मनसोक्त, पण दिवेलागणीला घरी ये. उद्या गणिताचा पेपर आहे, आणि परवा पुन्हा सामना आहे.’